तोंडात टाचण्या

तुतीचा डाग कच्च्या तुतीनेच जातो. पिकलेल्या फळाने जांभळं केलेलं कापड कच्च्या हिरव्या फळाने चोळायचं, की डाग होता की नव्हता असं होतं. ही गोष्ट त्या सगळ्या गल्लीत एकट्या शिंपीणबाईला ठाऊक होती, आणि तिने ती बगळ्याला सांगितली नाही. का सांगितली नाही, ते ऐका.

शिंपीणबाईची खोली प्रार्थनाघराच्या भिंतीला लागून होती. खोलीत एक शिलाई मशीन, एक लांब टेबल, एक खाट, आणि खिडकीत एक टाचण्यांनी भरलेली उशी. खिडकीतून दिसायचं ते प्रार्थनाघराचं अंगण आणि अंगणातलं तुतीचं झाड. झाड तिच्या नवऱ्याने लावलेलं. नवरा घड्याळं दुरुस्त करायचा आणि जन्मभर सगळीकडे उशिरा पोचायचा. बाई म्हणायची, माणसाने आयुष्यात एकच काम वेळेवर केलं, लग्नाच्या वर्षी ते झाड लावलं. पुढे तो गेला, तोही जेवायच्या वेळी, ताट वाढून ठेवलेलं असताना. मागे राहिलं झाड आणि झाडाखालचा बाक. उन्हाळ्यात अर्धी गल्ली त्या बाकावर येऊन बसायची आणि बाई खिडकीतून मशीन चालवता चालवता सगळ्यांना टोमणे मारायची.

आता त्या प्रार्थनाघराची रीत सांगायला हवी, त्याशिवाय पुढचं कळायचं नाही. तिथे कायदे नव्हते, शब्द होता. आत, बसलेल्यांच्या समोर एक झिजलेली दगडी पायरी होती. तिच्यावर उभं राहून जो जे बोलेल ते त्याला पाळावं लागे, बोलला तसं, अक्षर न् अक्षर. शब्द सोडवायचा तर बसलेल्या प्रत्येकाने ‘सुटला’ म्हणायचं. एकाने जरी म्हटलं नाही, तरी शब्द कायम. एका म्हाताऱ्याने म्हणे रागाच्या भरात शब्द दिला होता, सून माफी मागेपर्यंत दाढी कापणार नाही. सूनही त्याच घरची, मागते कसली माफी? शेवटी दाढी पायात यायला लागली तेव्हा त्याने शिंपीणबाईकडून ती दुमडून टीप मारून घेतली. आणि पायरीवरचाच नव्हे, घरीदारी दिलेला शब्दही धरला जाई, साक्षीला एक माणूस असला की झालं. ‘हो’ म्हटलं तरी शब्द, ‘हं’ म्हटलं तरी शब्द, मान हलवली तरी शब्द. म्हणून प्रार्थनेत डुलक्या काढणारी मंडळी भिंतीला डोकं घट्ट टेकवून बसायची. मान हलली आणि शब्द गेला तर पंचाईत.

या प्रार्थनाघराचा अध्यक्ष म्हणजे बगळा. नाव काहीही असो, गल्ली त्याला बगळाच म्हणायची. कपडे पांढरे, बूट पांढरे, गाडी पांढरी, आणि डोळे मिटून प्रार्थनेला बसला की वाटावं, आता चोचीत मासा येणार. तुतीच्या झाडावर त्याचा राग होता. फळं पिकली की पायऱ्या जांभळ्या व्हायच्या, पाखरं खायची ती खायची आणि नेमकी पांढऱ्या गाडीवर येऊन हलकी व्हायची.

एके दिवशी बगळा नव्या पांढऱ्या कोटाचं माप बघायला शिंपीणबाईकडे आला. सोबत त्याचा मेहुणा होता, कारण बगळ्याला आरशापेक्षा मेहुण्याचं मत जास्त आवडायचं. बाई गुडघ्यांवर बसून कोटाची खालची पट्टी दुमडत होती. तोंडात टाचण्या, नेहमीसारख्या, मूठभर.

“बाई, त्या झाडाचं काहीतरी करायला हवं,” बगळा म्हणाला. “पायऱ्यांवर नुसता जांभळा चिखल.”

“हं,” बाई म्हणाली.

“बाह्या आखूड वाटतात का हो?”

“हं.”

“नाही म्हणजे, बरोबरच आहेत ना?”

“हं.”

मेहुणा म्हणाला, “बाई, एखादी गिळाल हां.”

“हं,” बाई म्हणाली.

शिंपिणीच्या ‘हं’ला तिच्या मशीनच्या घरघरीइतकाच अर्थ. हे शेंबड्या पोरालाही कळतं.

दुसऱ्याच आठवड्यात बाईची धाकटी बहीण न्हाणीघरात पडली आणि तिचं कमरेचं हाड मोडलं. बाई दुसऱ्या गावी तिच्या उशाशी जाऊन राहिली. बहीण चालायला लागेपर्यंत राहिली, आणि ती चालायला लागली तशी दोघी भांडायला लागल्या, तेव्हा परत आली.

हातात पिशवी घेऊन गल्लीत शिरली आणि स्वतःच्या दारावरून पुढे निघून गेली. सावली आली की आपलं दार, अशी तिच्या पायांना सवय. सावली आलीच नाही. मागे वळून बघते तर अंगणभर पांढरी फरशी, टोकापासून टोकापर्यंत, मध्ये मातीचा एक चमचा नाही. बाक होता तिथे बगळ्याची गाडी. झाड होतं तिथेही बगळ्याची गाडी, कारण गाडी लांबलचक होती. बुंधा जमिनीसरसा कापून वर सिमेंट ओतलं होतं. ऊन त्या फरशीवरून उसळून तिच्या डोळ्यांत गेलं. ती चप्पल काढून दोन पावलं चालली आणि तळपाय भाजले.

त्याच दिवशी प्रार्थना संपल्यावर ती सगळ्यांसमोर उभी राहिली. “माझं झाड कुणी कापलं?”

बगळ्याने डोळे हळूच उघडले. “असं काय करता बाई? तुम्हालाच विचारून कापलं. तुम्ही ‘हं’ म्हणालात. मेहुणा साक्षीला आहे.”

“मी ऐकलं,” मेहुणा म्हणाला.

पुढच्या रांगेत थोरली बसायची. त्या प्रार्थनाघरातली सगळ्यांत म्हातारी बाई. डोळ्यांनी जेमतेम दिसायचं, पण कुणी कधी काय शब्द दिला ते सगळं तिच्या डोक्यात. तिने विचारलं, “शिंपीण, म्हणाली होतीस का?”

शिंपीणबाई बऱ्याच बाबतींत खोटं बोलायची. वय, माप, कपडे कधी तयार होतील, सगळ्यात. पण त्या पायरीसमोर तिला खोटं बोलता येईना. “म्हणाले असेन,” ती म्हणाली. “पण माझ्या तोंडात...”

“शब्द तो शब्द,” बगळा म्हणाला आणि डोळे मिटले.

आणि विषय संपला. झाड गेलं त्याचं दुःख एका बाजूला. दुसऱ्या दिवसापासून लोक तिच्याकडे ज्या नजरेने बघायला लागले, ते तिच्या जिव्हारी लागलं. नवऱ्याच्या हाताचं झाड, आणि साहेबांची मर्जी राखायला हिने देऊन टाकलं. कुणी तोंडावर बोलत नव्हतं. बटण लावायला आलेल्या बायका खिडकीबाहेरच्या फरशीकडे बघायच्या, मग हिच्याकडे, आणि म्हणायच्या, “स्वच्छ झालं हो अंगण.”

बहिणीचा फोन आला. “ताई, सोडून दे आता.”

“झाड कापलं असतं तर सोडलंही असतं एक वेळ. पण हा चोर, आणि वर म्हणतो तूच दिलंस.”

“मग काय करणारेस? त्याच्या कोटात टाचणी ठेवणारेस?”

“ठेवली. काखेत.”

“मग?”

“चांगला ओरडला. पण मन भरलं नाही.”

“तुला हवंय तरी काय?”

“त्याने त्या पायरीवर उभं राहून सगळ्यांसमोर म्हणायचं, की बाईने हो म्हटलं नव्हतं. आणि झाड परत उभं राहायला हवं.”

“पहिलं एक वेळ होईल,” बहीण म्हणाली. “मेलेलं झाड कसं उभं राहणार?”

“ते मी बघते.”

त्या साली उन्हाळा असा पडला की सांगायची सोय नाही. गल्लीतल्या कोंबड्या म्हणे उकडलेली अंडी घालायला लागल्या. दुपारी प्रार्थनाघराची फरशी ओलांडायची तर लोक एका दमात पळायचे. एक जाडे गृहस्थ मध्येच थांबले तर त्यांच्या चपलेचा तळ तिथेच चिकटून राहिला आणि ते पट्ट्यांवर घरी गेले. आत हॉल भट्टीसारखा. झाड असताना खिडक्यांवर सावली होती, आता भिंतीच तापायच्या. म्हातारी माणसं प्रार्थनेला यायची बंद झाली. कुणी त्याचा संबंध झाडाशी जोडला नाही. लोक म्हणाले, काळच वाईट.

तेवढ्यात शहरातल्या सगळ्या धर्मांच्या लोकांनी एकत्र येऊन ठरवलं की धरणी तापते आहे आणि नुसतं हात जोडून बसून चालणार नाही. प्रत्येकाने आपापल्या जागी काहीतरी करायचं. कुणी देवळाच्या छपरावर पडणारं पावसाचं पाणी साठवायला घेतलं, कुणी मशिदीवर उन्हावर चालणारे दिवे बसवले, कुणी चर्चची गाड्या लावायची जागा उकरून तळं केलं. आणि जो उत्तम करेल त्याला परदेशातल्या मोठ्या परिषदेत पितळेची पाटी. पाटी म्हटल्यावर बगळ्याची मान ताठ झाली.

पाहणी करायला सगळ्या धर्मांची पाहुणेमंडळी आली, तऱ्हेतऱ्हेच्या टोप्या, झगे, दाढ्या. बगळ्याने त्यांच्यासाठी पंखे लावले होते. आता दाखवायचं काय? अंगणात गवताची काडी नाही. पण बगळा कच्च्या गुरूचा चेला नव्हता. तो सरळ पायरीवर चढला.

“आमच्या घरात शब्दाला किंमत आहे,” तो म्हणाला. “मी शब्द देतो. या आवारात जे उगवेल त्याला आम्ही हात लावणार नाही.”

पाहुण्यांनी माना डोलवल्या. बगळ्याला ते फार आवडलं.

“कुणीच लावणार नाही,” तो म्हणाला. “पान तोडणार नाही. फांदी मोडणार नाही.”

पाहुणे आणखी डोलले.

“मुळाला धक्का लावणार नाही. पाखराला हुसकणार नाही. आमची कितीही गैरसोय झाली तरी.”

पाहुणे डोलत गेले तसा बगळ्याचा शब्द लांबत गेला. मनात म्हणत असेल, उगवायला माती आहेच कुठे? फुकटचं पुण्य. थोरलीने तो शब्द त्याच्याकडून पुन्हा एकदा वदवून घेतला, म्हणजे तिच्या डोक्यात पक्का बसला. शेवटच्या रांगेत शिंपीणबाई पडद्याला दुमड घालत बसली होती. तोंडात टाचण्या. ती अशी हसली की एक टाचणी खरोखर गिळायची राहिली.

कारण बाईला एक गोष्ट दिसली होती. गाडीच्या पुढच्या चाकाजवळची एक फरशी डुगडुगत होती. बाकी सगळ्या घट्ट, ही एकटीच खालून कुणीतरी खांदा लावल्यासारखी. जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही म्हणतात, आणि तुतीची मेल्यावरही जात नाही. वरून मुंडकं छाटलं तरी खाली मूळ बसलेलं असतं दात-ओठ खात. बाईने ते फरशीवर हात ठेवून ओळखलं. तीही तशीच बसली होती ना.

मग काय? भर दुपारी, जेव्हा त्या अंगणात चिटपाखरू फिरकत नसे, तेव्हा बाई डोक्यावर ओला टॉवेल टाकून, ढोपरांखाली जुनी उशी घेऊन तिथे बसायची. हातात दाभण. फरशांच्या मधलं सिमेंट ती असं कोरायची जशी जुन्या कोटाची शिवण उसवतात, एक टाका सोडून एक, कापडाला इजा न करता. धुतलेल्या कापडाचं शेवटचं स्वच्छ पाणी त्या फटीत ओतायचं. ओतताना ती मुळाशी बोलायची. काय बोलायची ते छापण्यासारखं नाही, पण ऐकून कुठलंही मूळ चवताळून उठलं असतं. कुणी विचारलंच, तर म्हणायची, “टाचणी पडली, शोधतेय.”

बगळ्याला पाटी मिळाली. ती घ्यायला तो बायकोला आणि मेहुण्याला घेऊन परदेशी गेला, आणि आलोच आहोत तर म्हणून तिथे चांगला हिंडला. गाडी अंगणातच, त्याच जागी.

आणि इकडे कोंब आला. पहिल्या दिवशी नखाएवढा. दुसऱ्या दिवशी हाताएवढा. बाई सांगायची की चौथ्या दिवशी तिने त्याच्यावर ओलं पोलकं वाळत घातलं आणि संध्याकाळी काढायला शिडी लागली. खरंखोटं तिला माहीत. पण बगळा परत आला तेव्हा गाडी नव्हती, मांडव होता. कोंब चाकाच्या आऱ्यांतून शिरून, खालून इंजिनात जाऊन, बॉनेटच्या फटीतून बाहेर आला होता. दुसरा ड्रायव्हरच्या बाजूने. बाजूच्या आरशामागे एका पाखराने घरटं केलं होतं, आणि आरशात बघून ते दिवसभर स्वतःशीच भांडत होतं.

बगळा पितळेची पाटी छातीशी धरून उभा राहिला. मग मेहुण्याला म्हणाला, “करवत आण.”

“कशाला?” मागून आवाज आला. थोरली काठी टेकत उभी होती. “पान तोडणार नाही. फांदी मोडणार नाही. मुळाला धक्का लावणार नाही. पाखराला हुसकणार नाही. आमची कितीही गैरसोय झाली तरी.”

“आजी, ही माझी गाडी आहे.”

“आणि तो तुझा शब्द आहे.”

खिडकीत मशीनचा आवाज थांबला होता. बगळ्याने तिकडे बघितलं. शिंपीणबाईने त्याला टाचण्या दाखवून नमस्कार केला.

त्या दिवसापासून बगळा पायी चालायला लागला. पांढरे बूट, रणरणतं ऊन, आणि हातात छत्री. तुतीने मात्र मनावर घेतलं. एक कोंब बगळ्याच्या कचेरीच्या उंबऱ्याखालून आला. दार लागेना, मग उघडेना, मग बगळा खिडकीतून आत-बाहेर करायला लागला. बाई खिडकीतून म्हणायची, “साहेब, पँट शिवणीत उसवेल हो. उसवली तर आणा.” एक आला तो थेट त्याच्या खुर्चीच्या वेताच्या बैठकीतून. तो खुर्चीवर अर्धा बसायचा, अर्धा झाडाला द्यायचा. आणि फळं धरली तेव्हा गावातली होती नव्हती ती पाखरं आली. पांढरी गाडी जांभळी झाली. पितळेची पाटी जांभळी झाली. कोट जांभळे झाले, एकेक करून सगळे. तो बाईकडे पाठवायचा, बाई साबणाने धुऊन परत पाठवायची, डाग जसाच्या तसा. “फार चिवट असतो हो,” असा निरोप सोबत.

अंगणात सावली पडली. मग खिडक्यांवर पडली. हॉल गार झाला. म्हातारी माणसं परत यायला लागली, आधी भिंतीला धरून, मग सतरंज्या घेऊन, आणि उन्हाळाभर प्रार्थना झाडाखालीच व्हायला लागली. पाहुणेमंडळी पुन्हा बघायला आली. फरशीतून उगवलेलं झाड बघून त्यांचे डोळे भरून आले. त्यांच्यातल्या एका लांब दाढीवाल्या सज्जनांनी शिंपीणबाईला विचारलं, “धरणीमातेविषयी ही तळमळ तुमच्यात कुठून आली?”

“तळमळ कसली?” बाई म्हणाली. “खुन्नस आहे.”

त्यांना वाटलं बाई विनयाने बोलतेय.

शेवटी बगळा टेकीला आला. त्याने सभा बोलावली, शब्द सोडवून घ्यायला. त्याआधी तो घरोघर फिरला. “मुळं भिंतीत शिरतायत,” तो म्हणाला. “उद्या छप्पर तुमच्या डोक्यावर येईल. एकदा सुटला म्हणा, आपण दुसरीकडे कुठेतरी छान झाडं लावू, रांगेत.” लोकांना सावली हवी होती, पण छपराची भीती कुणाला नसते? आणि बगळ्याने कधी ना कधी प्रत्येकाचं काहीतरी काम केलेलं.

बहिणीचा फोन आला. “सोपं आहे, ताई. तुझी पाळी आली की नाही म्हण. एकीने नाही म्हटलं की शब्द कायम. झाड वाचलं.”

“झाड वाचेल,” बाई म्हणाली. “आणि मी मेले की दगडावर लिहितील, हिने आधी दिलं आणि मग हट्टाला पेटली.”

“म्हणजे तू नाही म्हणणार नाहीस?”

“तू फोन ठेवू नकोस. सभेत पिशवीत चालूच ठेवते. ऐक.”

“ताई, वेडेपणा करू नकोस. एक शब्द चुकला तर तो तिथल्या तिथे कापेल.”

“माहीत आहे,” बाई म्हणाली. तिने तो दुमड घालायचा पडदा उचलला, ज्याला मुळात दुमडीची गरज नव्हती, टाचण्यांची उशी उचलली, आणि निघाली.

सभा हॉलमध्ये होती. दारात मेहुणा करवत घेऊन उभा, शेवटचा ‘सुटला’ ऐकला की लागलीच कामाला. बगळा पायरीजवळ, डोळे मिटून, हात जोडून. पहिल्या रांगेपासून सुरुवात झाली.

“सुटला.”

“सुटला.”

एका म्हाताऱ्याने खिडकीबाहेरच्या सावलीकडे बघितलं, घसा खाकरला, आणि खाली मान घालून म्हणाला, “सुटला.” थोरलीने फक्त म्हटलं, “मी शेवटी.” ती शेवटीच बोलायची, तशी रीत. रांगेमागून रांग संपली. बगळा शिंपीणबाईसमोर येऊन उभा राहिला. बाई पडद्यात मान घालून टाचण्या लावत होती. तोंडात मूठभर.

“बाई,” बगळा गोड आवाजात म्हणाला, “जुनं विसरा. शब्द सोडता ना?”

“हं,” बाई म्हणाली.

“झालं,” बगळा म्हणाला. “हं म्हणाली. सगळ्यांनी ऐकलं.” आणि थोरलीची वाट न बघता दाराकडे वळून त्याने बोट वर केलं. मेहुणा अंगणात धावला.

करवत लाकडावर टेकल्याचा आवाज आला. पण बाईने घाई केली नाही. तोंडातली एकेक टाचणी काढून उशीत खोचली, एक, मग दुसरी, मग तिसरी, जशी रोज संध्याकाळी काम संपल्यावर खोचायची.

“थांबव रे ते,” थोरली म्हणाली. करवत थांबली. “शिंपीण, काय म्हणालीस?”

“मी कुठे काय म्हणाले?” बाई म्हणाली. “तोंडात टाचण्या होत्या. श्वास सोडला की तसा वाजतो. आता तोंड रिकामं आहे. आता विचारा.”

“शब्द सोडतेस का?”

“नाही.”

बगळ्याचा चेहरा कोटाइतका जांभळा झाला. “हे काय? आत्ता म्हणाली. हं म्हणजे हो. या घरात कायम हं म्हणजे हो.”

“साहेब,” बाई म्हणाली, “तुमच्या कोटाचं माप घेताना माझ्या तोंडात काय होतं?”

“आता ते कुणाला आठवतंय?”

“मला आठवतंय ना,” दारात परत आलेला मेहुणा म्हणाला. बिचाऱ्याला करवत हातात धरून कधीपासून काहीतरी बोलायचं होतं. “टाचण्या होत्या. मी म्हणालो पण, बाई, एखादी गिळाल. त्यावरही बाई हं म्हणाल्या.”

आधी कुणीतरी मागच्या रांगेत फुस्स केलं. मग दाढी दुमडलेला म्हातारा हसला, आणि मग सगळा हॉल. थोरली हसली नाही. तिने काठीने पायरी दाखवली. “चढ.”

बगळा चढला. पायरीकडे बघत काहीतरी पुटपुटला.

“ऐकू आलं नाही,” बाई म्हणाली.

“बाईने,” तो म्हणाला, “हो म्हटलं नव्हतं.”

पिशवीतून बारीक आवाज आला, “इथे नीट ऐकू आलं नाही, ताई.”

“माझी बहीण आहे,” बाई म्हणाली. “कमरेचं हाड मोडलंय तिचं. जरा मोठ्याने.”

“बाईने हो म्हटलं नव्हतं,” बगळा म्हणाला. “मी विचारलंही नीट नव्हतं. झाड मी कापलं.”

“आलं आता,” पिशवी म्हणाली.

मुळांनी भिंतीला पडलेला तडा मग गवंड्याने बुजवला. चार दिवसांचं काम होतं, छपराचं नुसतं निमित्त. थोरली घरी जाताना बाईच्या खिडकीशी थांबली. फरशीवर काठी आपटत म्हणाली, “दगडांची शिवण सरळ रेषेत उसवली आहे. कुणी उसवली असेल?”

“उन्हाने,” बाई म्हणाली.

“हं,” थोरली म्हणाली आणि गेली.

नंतर बगळा एकदा स्वतः आला. हातात शेवटचा कोट, समोरून चांगला जांभळा. फळांचा बहर संपत आलेला, झाडावर हिरवी कच्ची फळं शोधून चार सापडली असती. बाईच्या टेबलावर एका वाटीत ती ठेवलेलीच होती, पदराला लागलेला डाग काढायला तिने स्वतःसाठी आणलेली. बगळ्याने वाटीकडे बघितलं, पण त्याला काय कळणार?

“बाई, उद्या मला हा घालायचाय,” तो म्हणाला. आवाजात पहिला ताठा नव्हता. “डाग जाईल ना?”

बाईने उशीतून टाचण्या उपसल्या, मूठभर तोंडात धरल्या, कोट हातात घेतला, आणि वाटी पडद्याखाली सारली.

“हं,” ती म्हणाली.